कॅव्हेलियर घरी आणण्याआधी त्याचं हृदय समजून घ्या

1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालच्या राजकन्येचा हुंडा म्हणून मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आलं, आणि 1668 मध्ये त्याने ते वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. त्याच राजाचं नाव लावणारा एक छोटा कुत्रा हल्ली शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, पवईच्या टॉवरांखाली, ठाण्याच्या तलावपाळीवर दिसायला लागलाय. लांब लोंबते कान, मोठे काळेभोर डोळे, पायांना आणि शेपटीला रेशमी झालर. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल.

मुलुंडला माझ्या मावशीकडे असा एक आहे, चिकू. त्याला फिरवायला घेऊन निघालं की लोक थांबवतात आणि विचारतात: फ्लॅटमध्ये राहतो का, केस किती गळतात, भुंकतो का, कितीला मिळाला. त्याच्या हृदयाबद्दल कोणी विचारत नाही. खरं तर या जातीबद्दल सगळ्यात आधी तेच विचारायला हवं. त्यामागचं कारण कळायला थोडं मागे जावं लागतं.

स्पॅनियल हा मुळात झुडपात दडलेले पक्षी उठवून देणारा शिकारी कुत्रा. त्यातली अगदी लहान चणीची कुत्री निवडत निवडत युरोपातल्या श्रीमंत घरांनी मांडीवर बसणारे टॉय स्पॅनियल तयार केले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चित्रांमध्ये राण्यांच्या आणि राजपुत्रांच्या पायाशी ते दिसतात. मोठ्या उभ्या कानांचा पॅपिऑन हाही त्याच गोतावळ्यातला. चार्ल्सला तर त्यांचं वेडच होतं. नौदलाच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्याने 1667 मध्ये आपल्या रोजनिशीत वैतागून लिहून ठेवलंय की बैठकीत राजाचं कामाकडे लक्षच नव्हतं, सगळा वेळ तो कुत्र्याशी खेळत बसला होता.

चार्ल्सच्या मांडीवरचा कुत्रा लांबट तोंडाचा होता. पुढे आवड पालटली. पग आणि पूर्वेकडचे चपट्या नाकाचे कुत्रे इंग्लंडात लाडके झाले, त्यांच्याशी संकर झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल डोक्याच्या, आत गेलेल्या नाकाच्या स्पॅनियललाच प्रदर्शनांत बक्षिसं मिळू लागली. एखाद्या पिल्लाचं नाक लांब निघालं तर ते जातीतलं वैगुण्य ठरायचं.

मग 1920 च्या दशकात रॉसवेल एल्ड्रिज नावाचे एक अमेरिकन गृहस्थ इंग्लंडला आले. जुन्या चित्रांतला स्पॅनियल त्यांना हवा होता आणि जिथे जावं तिथे चपट्या तोंडाचेच दिसत होते. त्यांनी 1926 पासून लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात बक्षीस लावलं: जुन्या धाटणीचा, लांब तोंडाचा, सपाट डोक्याचा कुत्रा आणा आणि 25 पौंड घेऊन जा. कुत्र्याच्या नाकाची लांबी वाढवायला ही रक्कम पुरली. जी पिल्लं कोपऱ्यात ठेवली जायची ती ब्रीडर, म्हणजे पैदास करणारी मंडळी, पुढे आणू लागली. 1928 मध्ये क्लब उभा राहिला आणि अ‍ॅन्स सन नावाच्या विजेत्या कुत्र्याला समोर ठेवून जातीचं वर्णन लिहिलं गेलं. एल्ड्रिज मात्र त्याच वर्षी वारले. 1945 मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, कॅव्हेलियरला स्वतंत्र जात मानलं, अमेरिकन केनेल क्लबने मान्यता द्यायला 1995 उजाडलं. चपट्या तोंडाचा किंग चार्ल्स स्पॅनियल आजही वेगळी जात म्हणून आहे. नावं जवळजवळ सारखी असल्याने गल्लत होते, म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा आपण नक्की कोणत्या जातीबद्दल बोलतोय ते स्पष्ट करून घ्या.

या कहाणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. नवी जात मोजक्याच कुत्र्यांपासून उभी राहिली, वर मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि कुत्री आणखी कमी झाली. आज जगभरातले कॅव्हेलियर त्या थोड्या पूर्वजांचे वंशज आहेत. पूर्वज थोडे असले की त्यांच्यातले दोषही सगळ्या वंशात पसरतात. 2021 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी काही जातींचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा अपायकारक बदलांचं ओझं कॅव्हेलियरमध्ये जास्त सापडलं.

आता कुत्रा कसा आहे ते. वजन साधारण साडेपाच ते आठ किलो, खांद्यापाशी उंची 30 ते 33 सेंटीमीटर. चार रंग: तांबूस-पांढरा ब्लेनहाइम, काळा-पांढरा-तांबूस असा तिरंगी, सबंध तांबडा रुबी, आणि काळ्यावर तांबूस खुणांचा ब्लॅक अँड टॅन. ब्लेनहाइम हे नाव मार्लबरोच्या ड्यूकच्या राजवाड्यावरून आलं. काही ब्लेनहाइम कुत्र्यांच्या डोक्यावर मधोमध अंगठ्याएवढा तांबूस ठिपका असतो. ड्यूक लढत होता त्या 1704 च्या लढाईची खबर येईपर्यंत काळजीत बसलेली त्याची बायको, डचेस, गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत राहिली आणि पिल्लं ठिपका घेऊनच जन्माला आली, अशी दंतकथा आहे. केस कापायची पद्धत नाही, पण एक दिवसाआड फणी मारावी लागते, नाहीतर कानामागे आणि काखेत गुठळ्या होतात. केस गळतात. काळी पँट घालून ऑफिसला जाणाऱ्यांनी हे गृहीत धरावं.

स्वभावाबद्दल जे चांगलं ऐकलंत ते खरं आहे. लहान मुलं, आजी-आजोबा, पहिल्यांदाच आलेला कुरिअरवाला, सगळ्यांशी त्याची मैत्री. राखणीला त्याचा उपयोग नाही. वन बीएचकेत तो आरामात राहतो, सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालणं आणि घरात थोडा खेळ एवढं बहुतेकांना पुरतं. रस्त्यावर मात्र पट्टा सोडू नका. अंगात स्पॅनियल आहे, कबुतर उडालं की तो त्याच्यामागे धावणार आणि समोरून येणारी रिक्षा त्याला दिसणार नाही.

त्याला सोसत नाही ते एकटेपण. पिढ्यान् पिढ्या माणसाच्या जवळ राहण्यासाठीच त्याला निवडलंय. नवरा-बायको दोघंही सकाळची 8.12 पकडून चर्चगेटला जाणार आणि रात्री आठला परतणार अशा घरात कॅव्हेलियर बंद दाराआड रडत बसतो, दारं खरवडतो, खाणं टाकतो. घरात दिवसभर कोणी ना कोणी असेल तरच याचा विचार करावा असं माझं ठाम मत आहे.

मुंबईची हवा त्याला सोपी नाही. कॅव्हेलियरचं नाक पगइतकं चपटं नसलं तरी तोंड आखूडच, त्यामुळे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात तो लवकर धापा टाकतो. फिरणं सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या आत ओल राहते आणि बुरशी धरते, म्हणून बाहेरून आल्यावर पंजे पुसतो तसे कानही उचलून आतून कोरडे करायचे. साचलेल्या पाण्यातून महापालिका माणसांना ज्या लेप्टोची भीती सांगते तो कुत्र्यांनाही होतो. लस मिळते, रेबीजच्या लसीबरोबर तीही वेळेवर द्या. गोचीड तर बारा महिने. झालरीच्या केसांत ते दिसत नाहीत, बोटांनी चाचपूनच सापडतात.

खाण्याच्या बाबतीत हा कुत्रा अधाशी आहे आणि मराठी घरात त्याला चपातीचा तुकडा, चहात बुडवलेलं बिस्किट, तूप लावलेला भात मिळत राहतो. त्या डोळ्यांपुढे कोणाचंच काही चालत नाही हे मान्य. पण सात किलोच्या कुत्र्याचं एक किलो वाढलं तरी ते पुढे हृदयाला भारी पडतं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे त्याला विषारी आहेत. गणपतीत पंचखाद्याची वाटी खाली ठेवताना बेदाणे आठवा.

सोसायटीचाही प्रश्न येतोच. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करू शकत नाही. आपल्या बाजूने महापालिकेचा परवाना काढावा, लसीची कागदपत्रं तयार ठेवावीत आणि कुत्र्याची शी स्वतः उचलावी.

आता हृदय.

हृदयात चार कप्पे असतात. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात उतरतं, तिथून डाव्या खालच्या कप्प्यात जातं आणि तो कप्पा आकुंचन पावला की सगळ्या शरीरात फेकलं जातं. या दोन कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची एक झडप असते, तिला मायट्रल झडप म्हणतात. रक्त खाली जाताना ती उघडते. खालचा कप्पा दाबला गेला की ती घट्ट मिटते, म्हणजे रक्त उलटं वर जात नाही.

कॅव्हेलियरमध्ये या पाकळ्या वयापेक्षा फार लवकर जाड आणि गाठाळ होतात. जुन्या चाळीतलं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि कितीही लोटलं तरी चौकटीत नीट बसत नाही, फट राहतेच. तशी फट झडपेत पडते आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे जातं. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये हा आजार इतर जातींतही दिसतो. कॅव्हेलियरमध्ये तो तरुणपणीच सुरू होतो: पाचव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्या कुत्र्यांच्या हृदयात बिघाडाचा आवाज ऐकू येतो आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या.

या आवाजाला मर्मर म्हणतात. चिकूच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप मावशीच्या कानाला लावला आणि म्हणाले, "काकू, तुम्हीच ऐका." नंतर मीही ऐकलं. निरोगी हृदयात लब-डप, लब-डप असे दोन सुटे ठोके येतात. चिकूच्या छातीत त्या दोहोंच्या मध्ये एक फुसफुस होती, लब-श्श-डप. मागे जाणाऱ्या रक्ताचा तो आवाज. मावशीचा चेहरा पडला. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून पुढची सगळी वाट समजावून सांगितली. ती प्रत्येक कॅव्हेलियरवाल्याला माहीत असायला हवी, म्हणून इथे लिहिते.

पशुवैद्यक या आजाराचे टप्पे पाडतात. ए म्हणजे आजार नाही पण धोका आहे. कॅव्हेलियर जन्मापासूनच या टप्प्यात धरला जातो. बी-वन म्हणजे मर्मर आहे पण हृदयाचा आकार वाढलेला नाही. बी-टू म्हणजे आकार वाढलाय, तरी कुत्रा वरून धडधाकट. सी म्हणजे फुप्फुसात पाणी साचतंय, खरं हृदय-अपयश. डी म्हणजे नेहमीच्या औषधांनी भागत नाही. पहिला मर्मर ऐकू आल्यापासून सी गाठेपर्यंत कित्येकदा वर्षं जातात, आणि काही कुत्री तिथवर पोचतही नाहीत. म्हणून मर्मर कळला म्हणजे सगळं संपलं असं समजून हातपाय गाळू नका.

बी-वन आणि बी-टू यांतला फरक फार महत्त्वाचा आहे, कारण औषध कधी सुरू करायचं ते त्यावर ठरतं. पिमोबेंडन नावाचं एक औषध हृदयाचं आकुंचन सुधारतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपिक नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं की हृदय वाढलंय पण लक्षणं नाहीत अशा कुत्र्यांना ते दिलं तर हृदय-अपयश सरासरी पंधरा महिन्यांनी लांबतं. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे खूप मोठा काळ. आता हृदय वाढलंय की नाही हे स्टेथोस्कोप सांगू शकत नाही, त्यासाठी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते. म्हणून पहिल्या वर्षापासून दरवर्षी हृदय ऐकवून घ्यायचं आणि मर्मर सापडला की इको करायचा. मुंबईत ही सोय मिळते. परळला बैलघोडा रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय जुनं आहेच, महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, खाजगी हृदयतज्ज्ञही आहेत. झडप दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया जपानसारख्या थोड्या ठिकाणी होते, पण ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची.

घरी करायची एक गोष्ट कुठल्याही यंत्राशिवाय होते. कुत्रा गाढ झोपलेला असताना, पंखा चालू, खोली थंड, त्याच्या कुशीकडे बघायचं. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. शांत झोपेत आकडा पुन्हा पुन्हा तीसच्या वर जायला लागला तर फुप्फुसात पाणी साचू लागल्याची ती पहिली खूण असू शकते, खोकला आणि धाप दिसायच्या आधीची. लगेच डॉक्टरांना फोन करायचा. मावशी हा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते. "अगं, बावीस आला बघ आज," असं तिने फोनवर सांगितलं की मलाही बरं वाटतं. महिन्यांचे आकडे असे ओळीने समोर असले की डॉक्टरांनाही नेमका बदल कधी सुरू झाला ते कळतं.

हृदयाखालोखाल डोक्याचा आजार. अनेक कॅव्हेलियरची कवटी मागच्या बाजूला मेंदूच्या मानाने लहान पडते. मेंदूचा मागचा भाग दाबला जातो, पाठीच्या कण्यातल्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होऊ शकतात. याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. ओळखायची खूण चमत्कारिक आहे: कुत्रा चालता चालता थांबतो आणि मागच्या पायाने मानेजवळ हवेतच खाजवतो, पाय कातडीला लागतही नाही. मानेला पट्टा बांधला की ते वाढतं. लोकांना ते गोड वाटतं, व्हिडिओ काढतात. त्यामागे वेदना असू शकते. उचलताना कळवळणं, डोकं खाली घालून झोपायला नको म्हणणं, हीदेखील लक्षणं. नक्की निदान एमआरआयने होतं. म्हणूनच या जातीला गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घालावा. याशिवाय डोळे कोरडे पडण्याचा आणि एकाएकी अंग ताठून कोसळण्याचा असे दोन आनुवंशिक आजार आहेत, त्यांची डीएनए चाचणी उपलब्ध आहे.

हे सगळं किती गंभीर आहे हे नॉर्वेतल्या खटल्यावरून कळतं. तिथल्या प्राणी-संघटनेने कोर्टात दावा लावला की इतके आजार ठाऊक असूनही या जातीची पैदास करणं प्राणी-संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. 2022 मध्ये निकाल लागला, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरची शुद्ध पैदास बेकायदा ठरवली. दुसऱ्या जातींशी विचारपूर्वक संकर करून हृदय आणि कवटी सुधारण्याचा मार्ग खुला ठेवला. मला हा निकाल योग्य वाटतो. एकदा 25 पौंडांच्या बक्षिसाने नाक बदलता आलं, तर तशीच निवड निरोगी झडपेसाठीही करता येईल. पण त्यासाठी विकत घेणाऱ्यांनी तशी मागणी करायला हवी.

मागणी करायची म्हणजे काय, तर इंग्लंड-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी घालून दिलेला नियम असा: अडीच वर्षांच्या आत कुत्र्याची पैदास करू नये, अडीचव्या वर्षी त्याचं हृदय स्वच्छ असावं, आणि त्याच्या आईवडिलांची हृदयं पाचव्या वर्षी स्वच्छ असावीत. म्हणजे पिल्लाच्या आजी-आजोबांचा अहवाल बघायचा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, आरोग्याबद्दल त्यात काही नसतं. भारतात 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्या नोंदणीचा कागद मागा. पिल्लांची आई प्रत्यक्ष दाखवा म्हणा, तिचं वय विचारा, तिचा आणि बापाचा इको कधी झाला ते विचारा, कार्डिऑलॉजिस्टचं नाव आणि तारीख असलेला अहवाल बघा. "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही हो" हे उत्तर मिळालं तर तिथून निघा, कारण या जातीत "असलं काही" नसलेली लाइन कोणाकडे नाही. पार्सलने येणारं पिल्लू आणि फक्त फोटोवर ठरणारा सौदा तर नकोच.

असा अहवाल दाखवणारा ब्रीडर इथे शोधूनही मिळणं अवघड आहे. तेव्हा दुसरा मार्ग, ज्याकडे लोक फारसे वळत नाहीत, तो म्हणजे वयात आलेला कॅव्हेलियर. परदेशी बदली, आजारपण, घटस्फोट, अशा कारणांनी पाच-सहा वर्षांचे कुत्रे नवं घर शोधत असतात. दोन महिन्यांच्या पिल्लाचं हृदय ऐकून पुढचं काही सांगता येत नाही. सहाव्या वर्षी इको स्वच्छ निघाला तर त्या कुत्र्याबद्दल खरी माहिती हातात असते, आणि मर्मर निघालाच तरी तो कोणत्या टप्प्यावर आहे, औषधाला महिन्याला किती लागतील, हे घरी आणण्याआधी कळतं. ही जात साधारण नऊ ते चौदा वर्षं जगते, म्हणजे सहाव्या वर्षी आलेल्या कुत्र्याचीही बरीच वर्षं सोबत मिळू शकते. मावशीने चिकूला असंच घेतलं. तेव्हा मर्मर होता, हृदय वाढलेलं नव्हतं. आता तो बी-टूमध्ये आहे आणि सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी तासभर त्याची गोळी असते. पुढचा इको दिवाळीनंतर आहे.